संगणकावरील मराठी आणि गावचे दप्तर

ग्रामपंचायतीच्या कार्यालयात एक वृद्धा घराच्या उताऱ्यासाठी येते. पतीच्या निधनानंतर घर तिच्या नावे लागल्याला वीसएक वर्षे झालेली असतात. आता मुलाला घर दुरुस्तीसाठी कर्ज काढावयाचे असते आणि त्यासाठी जुनी नोंद हवी असते. त्या सालची कागदी नोंदवही पावसाळ्यात भिजून तिची पाने एकमेकांना चिकटलेली असतात. तथापि नमुना ८ ची सर्व यादी त्याच काळात संगणकावर उतरवून घेतल्याचे एका जुन्या कर्मचाऱ्यास आठवते. शोधाशोध होते, फाईल सापडते आणि ती उघडतेही. परंतु पडद्यावर मराठीचा एकही शब्द दिसत नाही. रोमन अक्षरे, कंस, स्वल्पविराम आणि अनाकलनीय खुणा यांच्या ओळीच्या ओळी दिसू लागतात. नोंद हरवलेली नाही. ती वाचता येत नाही इतकेच. उतारा मागणाऱ्या वृद्धेच्या दृष्टीने मात्र या दोहोंत काहीच अंतर नाही.

हा प्रसंग कोणत्याही एका गावचा नाही. ज्या कार्यालयांनी, शाळांनी आणि पतसंस्थांनी १९९० नंतरच्या काळात मराठी कामकाज मोठ्या उत्साहाने संगणकावर आणले, त्यांपैकी अनेकांना तो कोणत्या ना कोणत्या रूपात भेटलेला आहे. अशा वेळी दोष कधी यंत्राला, तर कधी कर्मचाऱ्याला दिला जातो. वस्तुतः खरे कारण निराळे आहे. मराठी अक्षर यंत्रात कोणत्या पद्धतीने साठविले, यावर त्याचे आयुष्य अवलंबून असते. ही पद्धत समजण्यास अवघड नाही आणि ती समजून घेतल्याखेरीज गावचे दप्तर सुरक्षित राहणार नाही.

अक्षराला क्रमांक हवा

संगणकाला अक्षर ओळखता येत नाही. त्याला फक्त अंक कळतात. म्हणून प्रत्येक अक्षराला एक क्रमांक द्यावा लागतो. कळ दाबली की यंत्र तो क्रमांक साठविते. मजकूर दाखविण्याची वेळ आली की त्या क्रमांकाचे चित्र कोणते, हे ते फॉन्टमध्ये, म्हणजे अक्षरांच्या साच्यांच्या संचामध्ये, पाहते आणि तेवढे चित्र पडद्यावर उमटविते. साठवण क्रमांकाची आणि दर्शन चित्राचे, असे हे दोन स्वतंत्र व्यवहार आहेत.

शेतजमिनीचे उदाहरण घेतल्यास ही गोष्ट अधिक स्पष्ट होईल. गावच्या नकाशात प्रत्येक जमिनीला गट क्रमांक असतो. महसुलाचे दप्तर, मोजणीचे कागद आणि सोसायटीचे कर्जखाते या सर्वांत तोच क्रमांक लिहिला जातो, म्हणूनच एका कार्यालयाचा कागद दुसऱ्या कार्यालयात चालतो. प्रत्येक कार्यालयाने आपापल्या सोयीने निराळे क्रमांक दिले असते, तर एकाच शेताचे दोन कागद जुळले नसते. अक्षरांचेही तसेच आहे. क्रमांक सर्वमान्य असला, तरच एका यंत्रावर लिहिलेले दुसऱ्या यंत्रावर वाचता येते.

इंग्रजीपुरता हा प्रश्न लवकर सुटला. १९६३ मध्ये अमेरिकेत ‘आस्की’ नावाचे प्रमाण प्रसिद्ध झाले. त्यात एकूण १२८ क्रमांक होते आणि पहिल्या मोठ्या रोमन अक्षराला ६५ हा क्रमांक मिळाला. पुढे संगणक कोणत्याही कंपनीचा असो, ही वाटणी बहुतेक ठिकाणी एकच राहिली. देवनागरीला मात्र त्यात जागा नव्हती.

टंकलेखन यंत्राचा वारसा

महाराष्ट्र राजभाषा अधिनियम १९६४ साली झाला. शासनव्यवहारात मराठीचा वापर वाढत गेला, तसतशी कार्यालयांतून मराठी टंकलेखन यंत्रेही वाढली. या यंत्रावर कळांची संख्या मर्यादित. देवनागरीत तर काना, मात्रा, वेलांटी, रफार आणि शेकडो जोडाक्षरे. त्यामुळे अक्षरांचे तुकडे करून ते कळांवर बसविण्यात आले. अर्ध्या अक्षराला काना जोडून पूर्ण अक्षर तयार करावयाचे, ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या डावीकडे दिसते म्हणून ती आधी मारावयाची, अशी ती रीत होती. कागदावर योग्य आकृती उमटली की यंत्राचे काम संपत असे. त्या काळाच्या गरजेला ही योजना पुरेशी होती आणि मराठी टंकलेखकांच्या कित्येक पिढ्यांनी तिच्यावर प्रावीण्य मिळविले.

पुढे कार्यालयात संगणक आला तेव्हा याच सवयीला धरून मराठी फॉन्ट तयार करण्यात आले. या फॉन्टमध्ये एक युक्ती योजलेली होती. रोमन अक्षरांच्या क्रमांकांवर देवनागरीच्या तुकड्यांची चित्रे बसविलेली असत. कृतिदेव या परिचित फॉन्टमध्ये ‘मराठी’ हा शब्द लिहिला, तर संगणक प्रत्यक्षात ई, जे, के, बी आणि एच या पाच रोमन अक्षरांचे क्रमांक साठवितो. कृतिदेव यंत्रावर असेपर्यंत पडद्यावर ‘मराठी’ दिसते. तो फॉन्ट नसलेल्या यंत्रावर तीच फाईल नेली की मुखवटा गळून पडतो आणि खालची रोमन अक्षरे उघडी होतात. उताऱ्यासाठी आलेल्या वृद्धेला दिसल्या त्या खुणा याच.

यात भर अशी, की निरनिराळ्या फॉन्ट कंपन्यांची तुकड्यांची वाटणी निरनिराळी होती. एका फॉन्टमध्ये लिहिलेला मजकूर दुसऱ्या मराठी फॉन्टमध्ये उघडला तरी निरर्थक होत असे. शिवाय अशा फाईलमध्ये शोध घेणे, नावांची यादी वर्णानुक्रमे लावणे किंवा तपशील दुसऱ्या कार्यालयाकडे पाठविणे या गोष्टी जवळजवळ अशक्य होत्या. संगणक विकत घेऊन त्याचा उपयोग केवळ महागड्या टंकलेखन यंत्रासारखा होत होता.

प्रमाणाकडे वाटचाल

या अडचणीची जाणीव भारतीय संशोधकांना आधीच झाली होती. १९८० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत देवनागरी संगणकाचे मूलभूत काम झाले. मोहन तांबे यांचा त्यात महत्त्वाचा वाटा होता. १९८६ मध्ये केंद्र शासनाच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने भारतीय लिपींसाठी ‘इन्स्क्रिप्ट’ हा कळफलक प्रमाणित केला. १९८८ मध्ये पुण्यात प्रगत संगणन विकास केंद्र, म्हणजेच सी-डॅक, स्थापन झाले आणि कानपूरला सुरू झालेले लिपीविषयक काम तेथे पुढे नेण्यात आले. संगणकात बसविण्याच्या ‘जिस्ट’ कार्डामुळे त्या काळच्या साध्या संगणकावरही भारतीय लिपी दिसू लागल्या. १९९१ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने भारतीय लिपींच्या क्रमांकांचे ‘इस्की’ हे प्रमाण स्वीकारले.

त्याच वर्षी, १९९१ च्या ऑक्टोबरमध्ये, ‘युनिकोड’ या जागतिक प्रमाणाची पहिली आवृत्ती प्रसिद्ध झाली. जगातील सर्व लिपींच्या प्रत्येक वर्णाला एकच स्वतंत्र क्रमांक द्यावा, हे त्याचे सूत्र. देवनागरीसाठी २३०४ ते २४३१ असे १२८ क्रमांक राखून ठेवण्यात आले आणि त्यांची मांडणी भारतात तयार झालेल्या इस्कीच्या आधारे करण्यात आली. जागतिक प्रमाणाचा पाया भारतीय प्रमाणावर उभा राहिला, ही नोंद घेण्यासारखी गोष्ट आहे.

प्रमाण ठरले तरी ते सामान्य माणसाच्या मेजापर्यंत पोहोचण्यास वेळ लागला. विंडोज २००० या प्रणालीत देवनागरी युनिकोडची सोय आली. तिच्यासोबत आलेला ‘मंगल’ हा फॉन्ट मराठीतील कवी आणि सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी घडविला होता. पुढे २००१ मध्ये विंडोज एक्सपी आली. त्या प्रणालीत ही सोय वेगळी सुरू करावी लागे आणि त्यासाठी मूळ सीडी हाताशी असावी लागे. ती सीडी कार्यालयात सापडत नसे, म्हणून कित्येक ठिकाणी जुने फॉन्टच चालू राहिले. आज ही अडचण उरलेली नाही. नव्या संगणकात आणि स्मार्टफोनमध्ये युनिकोड मराठी मुळातच असते. ते वापरावयाचे की नाही, एवढाच निर्णय करणे शिल्लक आहे.

युनिकोडमध्ये मराठी कशी साठते

युनिकोडमध्ये अर्ध्या अक्षरांना किंवा जोडाक्षरांना वेगळे क्रमांक नाहीत. ‘क’ चा क्रमांक २३२५, ‘ष’ चा २३५९ आणि पाय मोडण्याच्या खुणेचा, म्हणजे हलन्ताचा, २३८१. ‘क’, हलन्त आणि ‘ष’ हे तीन क्रमांक लागोपाठ आले, की ‘क्ष’ हे चित्र दाखविण्याची जबाबदारी फॉन्टची. ‘क्षेत्र’ हा शब्द पडद्यावर दोन अक्षरांचा दिसत असला, तरी यंत्रात तो क, हलन्त, ष, मात्रा, त, हलन्त, र असा सात क्रमांकांचा असतो. शाळेत जोडाक्षराची फोड शिकविताना शिक्षक फळ्यावर जे लिहितात, जवळपास तेच संगणक करतो.

यातून दुसरा महत्त्वाचा नियम निघतो. युनिकोडमध्ये अक्षरे उच्चाराच्या क्रमाने साठतात, दिसण्याच्या क्रमाने नव्हे. ‘कि’ लिहिताना आधी ‘क’ आणि मग वेलांटी. ‘शिर्के’ लिहिताना श, वेलांटी, र, हलन्त, क, मात्रा असा क्रम. रफार आपोआप ‘क’ च्या डोक्यावर जाऊन बसतो. टंकलेखन यंत्रावर हात बसलेल्या कर्मचाऱ्यास सुरुवातीस हे उलटे वाटते. परंतु बोलतो त्या क्रमाने लिहावे, हे एकदा मनात ठसले की पुढचे सर्व सोपे होते. ज्यांनी पूर्वी टंकलेखन केलेले नाही, त्यांना तर ही रीत अधिकच जवळची वाटते.

कळफलकाची ओळख

इन्स्क्रिप्ट कळफलकाची रचना वर्णमालेला धरून केलेली आहे. डाव्या हाताकडे स्वर आणि त्यांची चिन्हे, उजव्या हाताकडे मुख्यतः व्यंजने. एकाच कळेवर अल्पप्राण आणि त्याचा महाप्राण अशी जोडी असते. ‘क’ ज्या कळेवर आहे, त्याच कळेवर शिफ्ट दाबून ‘ख’ मिळतो. ‘ग’ वर ‘घ’, ‘प’ वर ‘फ’. मात्रेच्या कळेवर शिफ्ट दाबले की तिचा पूर्ण स्वर उमटतो. ‘ल’ च्या कळेवर ‘ळ’ आहे. व्याकरणाची ओळख असलेल्यास हा कळफलक पाठ करावा लागत नाही. तो बराचसा समजून घेता येतो.

या कळफलकाचा आणखी एक लाभ आहे. ब्राह्मीपासून निघालेल्या प्रमुख भारतीय लिपींसाठी मांडणी हीच ठेवलेली आहे. मराठी ‘क’ ज्या कळेवर आहे, तिच्यावरच गुजराती, कन्नड आणि तेलुगू ‘क’ आहे. सीमेलगतच्या गावांतील द्विभाषिक शाळांना याचा उपयोग करून घेता येईल.

रोमन अक्षरांत उच्चार लिहून मराठी शब्द मिळविण्याची पद्धतही बरीच रूढ आहे. घाईच्या पत्रव्यवहारास ती सोयीची असली, तरी नावांच्या नोंदीसाठी ती धोक्याची ठरू शकते. रोमन लिपीत ‘काळे’ आणि ‘काले’ एकाच रीतीने लिहिले जातात. ‘न’ आणि ‘ण’ यांत किंवा ऱ्हस्व आणि दीर्घ यांत भेद राहत नाही. यंत्र अंदाजाने एक पर्याय पुढे करते आणि घाईत तोच स्वीकारला जातो. परिणामी एकाच व्यक्तीचे आडनाव दाखल्यावर एक आणि शिधापत्रिकेवर दुसरे होते. ते दुरुस्त करण्यासाठी त्या व्यक्तीला प्रतिज्ञापत्रापासून खेपा घालाव्या लागतात. म्हणून नोंदवहीचे काम करणाऱ्याने थेट मराठी कळफलक वापरणे इष्ट होय.

लक्ष देण्याची काही स्थळे

मराठीची म्हणून काही खास वळणे आहेत. तेथे चूक झाली तर ती सहजी दिसत नाही, पण पुढे अडचण करते.

पहिले वळण ‘ऱ्य’ चे. ‘आचार्यांना’ बोलावणे आणि ‘आचाऱ्यांना’ बोलावणे यांतील फरक प्रत्येक मराठी माणसास ठाऊक आहे. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांतील खोल भाग. असे अक्षर लिहिताना ‘र’ च्या कळेवर शिफ्ट दाबून मिळणारा ‘ऱ’ घ्यावा, मग हलन्त आणि मग ‘य’. ‘शेतकऱ्यांना’ हा शब्द तर शासकीय पत्रव्यवहारात रोज येतो. तो तरी बिनचूक असावा.

दुसरे वळण ‘ॲ’ चे. ‘ॲडव्होकेट’, ‘ॲल्युमिनियम’ अशा शब्दांतील हा स्वर युनिकोडमध्ये २००८ साली स्वतंत्र क्रमांकाने आला. त्यापूर्वी ‘अ’ वर चंद्र देऊन तो लिहीत आणि आजही काही जण तसा लिहितात. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात; यंत्राच्या लेखी ते दोन वेगळे शब्द आहेत. एका रीतीने लिहिलेले नाव दुसऱ्या रीतीने शोधले, तर ते सापडेलच असे नाही. एका कार्यालयात एकच रीत ठरवून घेणे हा यावरील उपाय आहे.

तिसरे वळण अंकांचे. देवनागरी १ आणि इंग्रजी एक यांचे क्रमांक भिन्न आहेत. पहिल्याचा २४०७ आणि दुसऱ्याचा ४९. घर क्रमांक कुठे मराठी अंकांत, कुठे इंग्रजी अंकांत लिहिला गेला तर साध्या शोधात निम्म्या नोंदी हाती येत नाहीत. आकडेमोडीच्या तक्त्यात देवनागरी अंक केवळ मजकूर म्हणून धरले जाण्याचा संभव असतो. म्हणून बेरजेवर विसंबण्यापूर्वी ती एकदा हाताने पडताळून पाहावी.

चौथे वळण वर्णानुक्रमाचे. मराठी वर्णमालेत ‘ळ’ हा ‘ह’ नंतर येतो. युनिकोडमध्ये त्याचा क्रमांक २३५५ असून तो ‘ल’ च्या लगेच पुढे आहे. यादी लावणाऱ्या प्रणालीला भाषा मराठी असल्याचे सांगितले नसेल आणि तिने केवळ क्रमांक पाहिले, तर ‘काळे’ हे आडनाव ‘कासार’ च्या आधी जाते. मराठी क्रमाने ते नंतर यावयास हवे. हजेरीपटात किंवा लाभार्थींच्या यादीत नाव नेहमीच्या जागी दिसले नाही, म्हणजे ते वगळले गेले असा निष्कर्ष काढण्यापूर्वी ही शक्यता ध्यानात घ्यावी.

‘ल’ आणि ‘श’ यांच्या वळणाबद्दलही अनेकदा शंका विचारली जाते. राज्य शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठी लिपी आणि वर्णमाला प्रमाणित केली आणि त्यात पाकळीयुक्त ‘ल’ व देठयुक्त ‘श’ स्वीकारला. काही फॉन्टमध्ये हिंदी वळणाची अक्षरे दिसतात, म्हणून मजकूर चुकला असे मात्र नाही. क्रमांक तोच असतो, वळण फॉन्टचे असते. मराठी वळणाचा फॉन्ट निवडला की जुना मजकूरही आपोआप त्या वळणात दिसतो.

फोनवरील मराठी

आज ग्रामीण भागातील बहुसंख्य लोकांचा लिखित मजकुराशी संबंध मोबाइल फोनच्या पडद्यावर येतो. भारतीय मानक ब्यूरोच्या २०१६ च्या प्रमाणानुसार भारतात विकल्या जाणाऱ्या फोनमध्ये सर्व २२ अनुसूचित भाषांतील मजकूर वाचता यावा, तसेच हिंदी, इंग्रजी आणि आणखी किमान एका भारतीय भाषेत लिहिता यावे, अशी अपेक्षा आहे. मराठी संदेश वाचता येणे ही आता चैनीची बाब राहिलेली नाही.

ग्रामसभेची सूचना लघुसंदेशाने पाठविणाऱ्यांनी एक हिशेब जाणून घ्यावा. एका लघुसंदेशात ११२० बिट मावतात. रोमन अक्षराला ७ बिट लागत असल्याने तेथे १६० अक्षरे बसतात. देवनागरीसाठी १६ बिट लागतात, म्हणून मर्यादा ७० वर येते. काना, मात्रा, अनुस्वार आणि हलन्त यांची मोजणीही वेगळी होते. ‘ग्रामपंचायत’ हा शब्द दिसावयास सहा अक्षरांचा, परंतु मोजणीत अकरांचा भरतो. मजकूर लांबला की एका संदेशाचे दोन-तीन होतात आणि खर्च त्याप्रमाणे वाढतो. याचा अर्थ संदेश इंग्रजीत पाठवावा असा नव्हे. दिनांक, वेळ, स्थळ आणि विषय एवढेच थोडक्या मराठीत लिहावे. गावकऱ्यांना तेवढे पुरते.

बोललेले मराठी लिहून घेण्याची सोयही आता फोनवर आहे. लिहिण्याचा सराव नसलेल्या सदस्यांना तिचा चांगला आधार होतो. मात्र व्यक्तींची आणि शेतांची नावे यंत्र आपल्या समजुतीने बदलते. असा मजकूर नोंदीत घेण्यापूर्वी वाचून तपासणे आवश्यक आहे.

जुने दप्तर कसे वाचवावे

प्रथम कार्यालयातील कोणत्या फाईली जुन्या फॉन्टमध्ये आहेत हे पाहावे. त्याची परीक्षा सोपी आहे. फाईलमधील एक ओळ उचलून साध्या टिपणाच्या पानावर किंवा फोनवरील संदेशात टाकावी. मराठी तशीच दिसली तर मजकूर युनिकोडमध्ये आहे. रोमन खुणा दिसल्या तर तो जुन्या फॉन्टमधील आहे. अशा फाईलींची यादी करून प्रत्येकीपुढे फॉन्टचे नाव लिहून ठेवावे. हे नाव आज कोणाला तरी आठवत असते. ती माणसे निवृत्त झाली की ही माहितीही त्यांच्याबरोबर जाते.

दुसरी पायरी रूपांतराची. जुन्या फॉन्टमधील मजकूर युनिकोडमध्ये आणणारी साधने उपलब्ध आहेत. ती वापरण्यापूर्वी मूळ फाईलची प्रत वेगळी काढून ठेवावी आणि मूळ फाईल कधीही पुसून टाकू नये. रूपांतर यंत्राने झाले तरी तपासणी माणसानेच केली पाहिजे. ऱ्हस्व वेलांटी शेजारच्या अक्षरावर सरकणे, रफार चुकीच्या जागी बसणे, ‘ऱ्य’ चा ‘र्य’ होणे या चुका विशेषेकरून आढळतात. नावे, रकमा आणि क्रमांक एकाने मोठ्याने वाचावेत आणि दुसऱ्याने कागदी नोंदवहीशी ताडून पाहावेत. सुगीनंतरचे काही दिवस ठरवून हे काम थोडे थोडे केले, तर त्याचा भार वाटत नाही.

तिसरी गोष्ट पीडीएफची. जुन्या फॉन्टमधील पत्राची पीडीएफ केली की ती कोणत्याही यंत्रावर नीट दिसते, कारण अक्षरांचे साचे तिच्यातच गुंडाळलेले असतात. त्यामुळे काम झाले असे वाटते. प्रत्यक्षात आतील क्रमांक जुनेच राहतात. शोध घेतला तर शब्द सापडत नाही आणि मजकूर उचलला तर पुन्हा त्याच खुणा हाती येतात. कागदाच्या छायाचित्रात तर अक्षर मुळीच नसते, असते ते केवळ चित्र. म्हणून पीडीएफसोबत मूळ युनिकोड फाईलही जपून ठेवावी. महत्त्वाच्या नोंदींची छापील प्रत दप्तरात असावी, हा जुना नियम अद्यापही तितकाच खरा आहे.

शाळा आणि पंचायत यांचा वाटा

या कामात शाळेचे साहाय्य मोलाचे ठरेल. मुलांना संगणक शिकविताना चित्रे काढण्यावर आणि खेळांवर बराच वेळ जातो. त्यातील रोजची दहा-पंधरा मिनिटे इन्स्क्रिप्ट कळफलकास दिली, तर मुले आपले नाव, गाव आणि पाठातील उतारा मराठीत लिहू लागतील. जोडाक्षरांचा पाठ आणि कळफलकाचा सराव एकत्र घेतल्यास व्याकरणही पक्के होते. गावातील म्हणी, पाणवठ्यांची आणि शेतांची नावे, वृद्धांनी सांगितलेल्या आठवणी मुलांनी युनिकोडमध्ये लिहून काढल्या, तर त्यातून गावाचा एक लहानसा संग्रह सहज उभा राहील.

पंचायत सदस्यांनी कार्यालयात तीन प्रश्न अवश्य विचारावेत. आपल्या नोंदी युनिकोडमध्ये आहेत काय? त्यांची दुसरी प्रत वेगळ्या जागी ठेवली आहे काय? आणि बाहेरच्या संस्थेकडून यादी किंवा अहवाल करून घेताना तो युनिकोड फाईलच्या स्वरूपात मिळावा, अशी अट घातली आहे काय? या तीन प्रश्नांना खर्च लागत नाही. मात्र ते वेळेवर विचारले न गेल्यास पुढे होणारे नुकसान पैशाने भरून येत नाही.

मोडीचा धडा

महाराष्ट्राला लिपी बदलण्याचा अनुभव नवा नाही. शतकानुशतके कारभार मोडीत चालला. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मोडी व्यवहारातून मागे पडली आणि बाळबोध सर्वत्र स्थिरावली. आज पुराभिलेखागारांत आणि जुन्या वाड्यांतून मोडी कागदांचे रुमालच्या रुमाल आहेत. ते वाचणारे जाणकार मोजके आहेत. तरीही कागद टिकून आहे, शाई टिकून आहे आणि शिकण्याची तयारी असलेल्यास मोडी आजही शिकता येते. जुन्या फॉन्टमधील फाईलचे तसे नाही. ज्या चकतीवर ती साठविली ती चकती बिघडते, ज्या यंत्रावर ती उघडत असे ते यंत्र मोडीत निघते आणि फॉन्टचे नाव सांगणारा माणूस निवृत्त होतो. मोडीचा कागद दोनशे वर्षे वाट पाहू शकला. या फाईली वीस वर्षेदेखील थांबत नाहीत.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र शासनाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा जाहीर केला. भाषेचा हा मान ग्रंथांइतकाच रोजच्या नोंदवहीतही जपावा लागतो. ज्या फाईलींतील मजकूर आज कोणाच्या तरी स्मरणावर विसंबून आहे, त्या याच वर्षी बाहेर काढून युनिकोडमध्ये आणल्या, तर उताऱ्यासाठी आलेल्या वृद्धेला रिकाम्या हाती परत जावे लागणार नाही. तिचे नाव मराठीत उमटलेला कागद तिच्या हाती पडेल आणि तो तिच्या नातवंडांनाही वाचता येईल.